बेरीचा वाटा

तूप कढवल्यावर पातेल्याच्या तळाशी जी खमंग, तपकिरी बेरी उरते, तिच्यात साखर कालवून खाल्ली की माणसाची संसाराबद्दल काही तक्रार राहत नाही. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात तक्रार एवढीच होती, की त्या बेरीचे दोन वाटे व्हायचे. (मोठा कोणाचा, हे विवाहितांना सांगायला नको.)

म्हणून मी बेत रचला. आमची उल्का अंगानं भरलेली. मी असा, की वारा सुटला तर ती माझा दंड धरून मला लकडी पूल ओलांडून देते. एका रविवारी मी काळजीचा सूर लावला.

"आपण दोघंही कोलेस्टेरॉल तपासून घेऊ. ज्याचं जास्त निघेल, त्याची बेरी बंद."

"कायमची?"

"कायमची!" (स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताना आवाज काय ठाम निघतो!)

रिपोर्ट आले. उल्काचं सगळं नॉर्मल. माझे आकडे वाचून मी तिला घेऊन तडक लॅब गाठली.

"रिपोर्टांची अदलाबदल झालीय. आम्हा दोघांकडे नुसतं बघा, म्हणजे कळेल."

काउंटरवरच्या बाईंनी आधी मला पाहिलं, मग उल्काला. "नुसतं बघून कळत असतं, तर आम्ही सुया कशाला विकत घेतल्या असत्या?"

पुन्हा रक्त दिलं. पुन्हा तेच आलं. आता उल्का हसणार, असं मला वाटलं. पण डॉक्टरांकडे जाताना तिनं माझा दंड धरला तो सोडलाच नाही. वारा अजिबात नव्हता.

आमचे डॉक्टर वजनानं नव्वदीच्या घरातले. त्यांनी विचारलं, "वडील कसे होते?"

"माझ्यासारखेच. काटकुळे."

"गेले कशानं?"

मी चुळबुळ केली. उल्काच म्हणाली, "हार्टनं. पन्नाशीही गाठली नाही."

"मग हे घराण्यातून आलंय. दोघांनी तेच तूप खाल्लं, तरी रक्तातली चरबी सारखी वाढत नाही. ते जीन्सवर असतं, वजनावरही असतं. आणि बारीक माणूस सुटला, असं समजू नका. काही वेळा त्याचीच जास्त वाढते. गोळी सुरू करा. तूप, बेरी बंद."

"आणि मी?" उल्कानं विचारलं.

"तुमचं रक्त छान आहे. गुडघ्यांसाठी मात्र वजन उतरवा."

घरी आल्यावर ती म्हणाली, "माझ्या वाट्यावर डोळा होता ना तुमचा?"

मी मान खाली घातली.

"बरं झालं, होता. नाहीतर तुम्ही कुठले तपासायला जाताय!" तिनं पदरानं डोळे पुसले. "तुम्ही नाही खाणार, तर मलाही जायची नाही."

असं काही ती लग्नानंतर प्रथमच बोलली. मला भरून आलं.

आता बेरी डब्यात भरून डॉक्टरांकडे जाते. (त्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. मी विचारलं.) परवा उल्कानं डबा भरला आणि रिकामं पातेलं मोरीत ठेवलं. तळाला थोडी बेरी चिकटलेली होती.

"तू दमलीस," मी प्रेमानं म्हणालो, "पातेलं मी घासतो. तू बस बाहेर."

उल्का दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

"अहो, आधी साबण लावा. मग मी जाते."