मास्तरांचे हात

रविवारी सकाळी दहा वाजता मास्तर स्वतःच्याच गाडीचं स्टिअरिंग शर्टाखाली लपवून जिना चढत होते. शर्टाची दोन बटणं तुटली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी "पोट बरंच सुटलंय हो!" अशी चौकशी केली, तेव्हा "वय झालं आता" असं पुटपुटत मास्तर घरात सटकले. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या, चारचौघांत मान असलेल्या माणसावर अशी वेळ आली होती, आणि ती आणली होती एका गेमपॅडने.

मास्तरांना कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळायचा नाद होता. आता हा काही पोरखेळ नव्हे हं. यात टायर झिजतात, पेट्रोल संपतं, ब्रेक जरा जास्त दाबला की गाडी गर्रकन फिरते. नऊ जणांचा ग्रुप होता आणि एक दाताचे डॉक्टर त्याचे म्होरके होते. सगळ्यांच्या टेबलाला स्टिअरिंग ठोकलेलं, पायाशी पेडल. मास्तरांकडे मात्र होता गेमपॅड, म्हणजे दोन्ही हातांत मावणारी बटणांची वस्तू. डाव्या अंगठ्याने इवलीशी दांडी ढकलायची की गाडी वळते. ज्यांनी हजारभर लोकांना "घड्याळातल्या दहा वाजून दहा मिनिटांसारखे हात ठेवा" असं शिकवलं, ते घरी अंगठ्याने गाडी हाकत होते.

त्यांनी एकदा दुकानात जाऊन स्टिअरिंगवर बसून पाहिलं होतं, नाही असं नाही. तीन वळणांत चार वेळा गाडी गवतात गेली. खऱ्या गाडीत वळण बुडाखाली कळतं; इथे खुर्ची ढिम्म हलत नाही. दुकानदाराने "काका, गाडी चालवलीय का कधी?" असं विचारलं, तेव्हा मास्तरांनी मान खाली घालून "नाही" सांगितलं आणि काढता पाय घेतला.

ग्रुपमध्ये कुणी विचारलंच, तर "स्टिअरिंग ना? जुनंच आहे, सवयीचं" असं ते सांगत. एकदा डॉक्टर म्हणाले, "गेमपॅडवाले म्हणजे दोरीने गाडी ओढणारी पोरं!" त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसले ते मास्तरच. वर तलावाकाठच्या ट्रॅकवरचा विक्रम त्यांच्या नावावर! तो एका मंगळवारी दुपारी नोंदला गेला होता. मंगळवारी दुपारी तर मास्तर शिकवणीवर असत. पण घड्याळ चुकलं असेल कॉम्प्युटरचं, असं म्हणून त्यांनी विक्रम पदरात पाडून घेतला, आणि तलावाचं अवघड वळण आपण कसं घेतलं हे ग्रुपला तासभर समजावून सांगितलं.

इथेच घात झाला. डॉक्टरांनी जाहीर केलं, "शेवटची शर्यत त्याच ट्रॅकवर. आणि मास्तरांनी हातांवर कॅमेरा लावायचा. आम्हाला शिकायचंय."

"अहो, मग सरळ खरं सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"आणि तोंड कुठे दाखवू? ड्रायव्हिंगचा मास्तर आणि अंगठ्याने चालवतो! हरलो तर चालेल एक वेळ, पण हसं व्हायला नको."

म्हणून ते खाली जाऊन पान्याने गाडीचं स्टिअरिंग काढून घेऊन आले. फिरतं स्टूल खुर्चीवर आडवं टाकून, त्याच्या बैठकीवर त्यांनी ते कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलं. फिरतही होतं झकास. मग त्यांच्या लक्षात आलं की दोन्ही हात स्टिअरिंगवर असतील, तर गेमपॅड कोण धरणार?

"मी धरते," बायको म्हणाली. "हात तुमचे, अंगठे माझे."

"तुला नाही जमणार."

हे वाक्य मास्तर तिला दुसऱ्यांदा ऐकवत होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तिला तीन दिवस गाडी शिकवली होती. तिसऱ्या दिवशी गाडी फाटकाला जराशी घासली, आणि त्यांनी हेच म्हणून चावी काढून घेतली होती. "अजून एकदा बघू द्या" असं ती म्हणाली, तरी परत दिली नव्हती.

"मग सांगा जाऊन खरं," ती आता म्हणाली.

मास्तरांनी गुपचूप गेमपॅड तिच्या हाती दिला.

अकराला शर्यत सुरू झाली. बायको कपाटाला टेकून खाली बसलेली, कॅमेऱ्याच्या बाहेर. मास्तर स्टिअरिंग फिरवण्याचं नाटक करत होते आणि शेवटचा नंबर नक्की धरून बसले होते. पहिल्या फेरीला गाडी सहावी होती. दुसऱ्या फेरीला तिसरी!

"अगं, हळू!" मास्तर ओठ न हलवता कुजबुजले.

"पडद्याकडे बघा. उजवं वळण आहे, तुम्ही डावीकडे फिरवताय."

स्पीकरवरून डॉक्टरांचा आवाज आला, "मास्तर, वळायच्या आधी उलटं फिरवता? ही नवी पद्धत का?"

"जुनी आहे," मास्तर म्हणाले. कपाळावरून घाम ओघळत होता.

शेवटच्या फेरीला त्यांची गाडी दुसरी होती, पुढे फक्त डॉक्टर. इतक्यात धाडकन दार उघडलं आणि मुख्याध्यापिकाबाई आत आल्या. निवृत्तीनंतर गाडी शिकणाऱ्या या बाईंची अकराची शिकवणी मास्तर साफ विसरले होते.

"मास्तर, चोरी झालीय! गाडीत बसले, दोन्ही हात पुढे केले, तर पुढे काहीच नाही! मी पोलिसांना..." एवढं बोलून त्यांची नजर मास्तरांच्या हातांकडे गेली. "हे काय?"

"बाई, पाचच मिनिटं..."

"परवा माझी परीक्षा आहे, आणि तुम्ही इथे खेळताय?"

बाईंनी आयुष्यभर पोरांच्या वस्तू जप्त केल्या होत्या. त्यांनी स्टिअरिंग धरून ओढलं. गाठ मास्तरांनी मारली होती, म्हणजे ती सुटलीच. स्टिअरिंग काखेत मारून बाई बाजूला उभ्या राहिल्या, आणि मास्तरांनी नकळत हात जोडले.

कॅमेऱ्यात आता एक रिकामं स्टूल आणि दोन जोडलेले हात दिसत होते. आणि गाडी? गाडी तलावाचं वळण सुर्रकन कापून डॉक्टरांच्या पुढे गेली, पुढचं वळणही तिने लीलया घेतलं आणि पहिला नंबर पटकावला.

मग डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं, "मास्तर... गाडी कोण चालवतंय?"

अजूनही काहीतरी थाप मारता आली असती. मास्तरांनी तोंड उघडलंही. पण समोर बायको गेमपॅड मांडीवर ठेवून त्यांच्याकडेच बघत होती, आणि मास्तरांना आपली लाज वाटली. नुसती नाही, कानशिलं तापेपर्यंत वाटली.

"ही," ते म्हणाले. "आमची ही चालवतेय. माझ्याकडे स्टिअरिंग नाहीच. पहिल्यापासून मी गेमपॅडच वापरतो."

"आणि तो मंगळवारचा विक्रम?"

मास्तर काही बोलणार, तोच बायको म्हणाली, "तो माझा. दुपारी कामं आटपली की बसते मी. पाच महिने झाले."

मास्तर मटकन खाली बसले. "मी त्या वळणाबद्दल तासभर बोललो, तेव्हा तू शेजारच्याच खोलीत होतीस!"

"ऐकत होते ना. छान समजावून सांगितलंत. फक्त तिथे मी ब्रेक लावलाच नव्हता."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात," ती म्हणाली. "आणि नऊ वर्षांपूर्वी गाडीच्या चावीसाठी बोलून तरी काय झालं होतं?"

स्पीकरवर कुणीतरी खाकरलं. "वहिनी, पुढच्या सीझनला तुम्हीच या," डॉक्टर म्हणाले. "आणि ते... ओढणाऱ्या पोरांबद्दल बोललो होतो ना, ते मागे घेतो." त्यांनी घाईघाईने कॉल बंद केला.

अर्ध्या तासाने स्टिअरिंग जागेवर बसलं. बायकोही खाली आली होती. मुख्याध्यापिकाबाई चालकाच्या सीटकडे निघाल्या, थबकल्या, आणि मागचं दार उघडून मागे जाऊन बसल्या. "आधी त्यांना होऊ द्या," त्या म्हणाल्या. "माझी परीक्षा परवा आहे. त्यांची शिकवणी नऊ वर्षं राहिलीय."

बायकोने हात दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवले आणि क्लच सोडला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदाही पडली. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांच्या जिभेवर ते जुनं वाक्य आलं होतं, पुरतं तयार. त्यांनी ते गिळलं.

"माझी पहिल्या दिवशी अकरा वेळा बंद पडली होती," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं नाही कधी."

"खरं?"

"आज खोटं बोलायची ताकद नाही गं राहिली."

तिने पुन्हा चावी फिरवली. मग मास्तरांच्या पायाशी वाकून पाहिलं. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि मास्तरांचा पाय त्यावर होता.

"आधी तो पाय काढा."

"अगं, तो सवयीने..."

"काढा."

मास्तरांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या सीटवर मांडी घातली. गाडी हलली.