टिपणीसबाईंची स्वेच्छानिवृत्ती

रक्तपेढीच्या सर्व्हरमधल्या नोंदीच्या डिस्कने स्वेच्छानिवृत्ती मागितली, म्हणून डॉक्टर बागवानांनी जेवणानंतर रीतसर बैठक बोलावली. या डिस्कला सगळे टिपणीसबाई म्हणत. खिडकीवरची प्रत्येक नोंद आधी त्या टिपून घेत, ‘झालं’ म्हणत, आणि मगच पुढचं काम हले. मोठ्या डिस्क ती नोंद सावकाश आपल्याकडे उतरवून घेत, की बाई आपलं टिपण पुसून टाकत. मध्येच वीज गेली तरच ते वाचायचं, आणि इतक्या वर्षांत तशी वेळ आलीच नव्हती.

सर्व्हर सांभाळणाऱ्या हेमांगी खराडेला बाई मनापासून आवडायच्या. कोणी वाचणार नाही हे ठाऊक असून इतकं नीट लिहिणारं दुसरं कोणी तिने पाहिलं नव्हतं.

“बाई, कोणाबद्दल तक्रार आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे हो, साहेब. जुन्या डिस्क गरगर फिरायच्या, त्यांना वेळ लागायचा, म्हणून मी होते. त्यांच्या जागी आलेल्या या नव्या चौघी फिरतच नाहीत. माझ्याइतक्याच चपळ आहेत. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची? मला मोकळं करा.”

मुद्दा बिनतोड होता. डॉक्टर मान डोलावू लागले तशी हेमांगी पुढे झाली. तिने चौघींना विचारलं, “वीज गेली तर हातातली नोंद पुरी कराल ना?”

“झालं म्हणून समजा, मॅडम,” चौघी एका सुरात म्हणाल्या.

हेमांगीचं डोकंच फिरलं. सुतार, मांडववाला, ब्लाउज शिवणारी, सगळ्यांनी तिला जन्मभर हेच सांगितलं होतं. स्वतःच्या लग्नात ती बहिणीचा ब्लाउज घालून उभी राहिली होती.

ती बोलायला तोंड उघडते तोच वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत सर्व्हर गप्प. खिडकीवरची शैला धावत आली. “मॅडम, बाळंतीण टेबलावर आहे! तिला चालणाऱ्या पिशवीचा नंबर आत्ताच भरला होता, मला आठवत नाहीये. पुन्हा तपासायचं तर तासभर जाईल!”

जनरेटर सुरू होताच हेमांगीने चौघींकडे पाहिलं. “आम्ही ‘म्हणून समजा’ म्हटलं होतं,” त्या ओशाळून म्हणाल्या.

टिपणीसबाईंच्या पोटात थोडी वीज साठवलेली असे. तेवढ्यावर त्यांनी ती नोंद तडीस नेली होती. हेमांगीने टिपण उघडलं. पेशंटचं नाव, वॉर्ड, पिशवीचा नंबर, सगळं जागच्या जागी. तिने ते मोठ्याने वाचलं आणि नंबर पुटपुटत शैला पळाली. थोड्या वेळाने वॉर्डातून फोन आला, रक्त चढवायला घेतलं होतं.

“बाई, काय लिहिलंयत हो!” हेमांगी म्हणाली.

डॉक्टरांनी बैठक संपल्याचं जाहीर केलं. निवृत्तीचं नाव कोणी काढलं नाही. चौघींनी नोंद उतरवून घेतली, तशी बाई पुसायला लागल्या.

“राहू द्या ना थोडा वेळ,” हेमांगी म्हणाली.

“नको, मॅडम. जागा लागेल,” बाई म्हणाल्या. “खिडकीवर माणूस उभा आहे.”