काजळ्याच्या आंघोळीबाबत घरात विचारून कळवावे

पत्र लिहावं तर मीच, असं केजच्या पेठेत कुणीही सांगेल. किराण्याच्या दुकानात बसून मी लोकांना पत्रं लिहून देतो. सोयरिकीची, रुसव्याची, बैल हरवल्याची. माझ्या हातचा अर्ज कचेरीतला मुन्शी दोनदा वाचायचा, आणि दुसऱ्यांदा वाचताना मान डोलवायचा. तेव्हा सासऱ्याला चार ओळी लिहून बायकोला लवकर बोलावून घेणं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ!

निजामाच्या अमलातलं फसली तेराशे पंचवीस साल होतं. लिहायला बसलो.

«तीर्थस्वरूप मामांस अण्णारावाचे शरणार्थ. इकडील सर्व क्षेम. तिकडे घरातील मंडळींची (खोडलं). बाळाच्या आईची (खोडलं, शाई सांडली). तिकडे पाऊस कसा आहे?»

पाऊस बरा होता. मला ठाऊक होतं. सासऱ्याचं गाव, युसूफ वडगाव, माझ्या दुकानापासून पाच-सहा कोसांवर. तिथे पडतो तोच पाऊस माझ्या पत्र्यावर पडतो.

आता अडचण सांगतो. नीलम्मा पहिल्या बाळंतपणाला ज्येष्ठात माहेरी गेली. श्रावणात मुलगी झाली. बारशाला मी गेलो होतो, पण चाळीस बायकांच्या गराड्यात मला लेकीचा एक तळपाय दिसला आणि तिच्या आईच्या लुगड्याचा काठ. तेवढ्यावर मी आश्विनापर्यंत आलो होतो. न बोलावता सासुरवाडीला जावं, तर जावई हलका पडतो. पत्र लिहावं, तर ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं जातं, आणि ओसरीवर अर्धं गाव बसलेलं असतं. जावयाला बायकोची आठवण येते हे सगळ्यांना माहीत असतं. ते कागदावर येऊ नये, असा आमच्याकडे रिवाज आहे.

पण कुत्र्याबद्दल लिहायला कुणाची बंदी?

काजळ्या हा नीलम्माचा कुत्रा. डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखा काळा, बाकी पिवळा. लग्नानंतर ती गाडीत बसून केजला आली, तेव्हा हा माहेरापासून गाडीमागं चालत आला होता. ती गेल्यापासून तो जात्यापाशी झोपायचा, जिथं ती दळायला बसे. कधीकधी तिथं जागा नसायची, कारण तिथं मी बसलेलो असायचो.

«काजळ्याच्या अंगास वास येऊ लागला आहे. कुत्र्यास किती दिवसांनी आंघोळ घालावी, हे घरात विचारून कळवावे.»

झालं की नाही काम? घरात विचारायचं म्हणजे कुत्र्याच्या मालकिणीला विचारायचं. ती काहीतरी सांगणार. अक्षर सासऱ्याचं असेल, पण वाक्य तिचं. मला एक वाक्य पुरे होतं.

चार दिवसांनी उत्तर आलं.

«कुत्र्यास आंघोळ घालीत नसतात. पाऊस घालतो. धोंडप्पा.»

मी कागद उलटा करून पाहिला. उजेडाला धरून पाहिला. हे वाक्य तिचं नव्हतं. सासऱ्यानं घरात विचारलंच नव्हतं!

मग मी ठरवलं, विषय वाढवायचा. शेजारच्या भिवराबाईंना विचारलं. नीलम्मा गेल्यापासून माझ्या आणि काजळ्याच्या भाकरी त्याच थापत.

"पोळ्याला बैलं धुत्यात, तवाच कुत्रं धुवावं. वरसातून एकदा," त्या म्हणाल्या. "तुमाला रिकामपण लई झालंय, अण्णाराव."

सटवा धनगर दुकानात मीठ न्यायला आला होता. तो हसला. "कुत्रं धुतलं की त्याचा वास जातोय बे. मंग लांडगा त्याला वळखत न्हाई. वळखलं न्हाई तर भ्यायचा कसा?"

मी दोघांचं ऐकून घेतलं आणि निर्णय केला: रोज. कारण उघड सांगितलं ते असं, की मी रोज आंघोळ करून लिंगपूजेला बसतो, आणि काजळ्या उंबऱ्यावर येऊन बसतो, तर त्यानंही स्वच्छ असावं. मनातलं कारण वेगळं होतं. जितक्या आंघोळी, तितकी पत्रं.

तिसरी आंघोळ आधी सांगतो, कारण दुसरी काजळ्याची झालीच नाही, ती भिवराबाईंची झाली. त्या भाकरी घेऊन आल्या आणि काजळ्यानं अंग झटकलं, एवढंच. तिसऱ्या आंघोळीला मी रिठे उकळले, शिकेकाई कालवली, कडुलिंबाचा पाला टाकला. दुकान आपलंच! घंगाळ इतकं भरलं की त्यात नवरदेव बसवावा. काजळ्या त्यातून असा निघाला की रिठ्याचा फेस सगळा माझ्या दाढीला. पाचव्या आंघोळीपर्यंत नुसता घंगाळाचा आवाज झाला तरी तो भिंतीवरून उडी टाकून पलीकडे जायचा. सटवाच्या तट्टाचा खरारा मागून आणला आणि अंगावर फिरवला, तर पिवळे केस असे उडाले की दुकानातल्या गुळाला मिशा फुटल्या. यातली एकेक हकीकत पत्रानं वडगावला जात होती.

नीलम्माची लाकडी फणी कोनाड्यात होती. मऊ होती, कुत्र्याला चालली असती. तिच्या दातांत दोन लांब केस अडकलेले होते. मी ती उचलली आणि परत होती तशी ठेवली.

आठव्या आंघोळीला काजळ्याची नखं माझ्या मनगटाला लागली. संध्याकाळी मी माझं सगळं कसब पणाला लावून पत्र लिहिलं.

«काजळ्या हल्ली पाणी दिसताच थरथर कापतो व पळत सुटतो. आज त्याची नखे माझ्या मनगटास लागून रक्त आले. खाणे सुटले आहे. झोप लागत नाही. सारखे दाराकडे लक्ष असते. यावर काय करावे, घरात अवश्य विचारावे.»

शेवटची तीन वाक्यं कुत्र्याची नव्हती. वाटलं होतं, एक माणूस तरी ओळखेल.

पत्र पोचलं त्याच दुपारी सासऱ्याचा गडी धापा टाकत चिठ्ठी घेऊन आला. दारातूनच त्यानं ती काठीच्या टोकावर अडकवून पुढे केली.

«कुत्रा पिसाळला आहे. पाण्याला भिणे हीच खूण. तुम्ही मनगटावर औषध करावे. दिवाळी झाल्यावर लेकीस व नातीस गाडी जुंपून पाठवणार होतो. तो बेत आता रद्द. असल्या घरात पाठवणार नाही. पुढचे पुढे पाहू.»

चिठ्ठी मी पुन्हा वाचली. दिवाळीनंतर पाठवणारच होते! मी पाऊसपाण्यावर थांबलो असतो, तर तीन आठवड्यांत दोघी घरात असत्या.

आता बोलावण्याची वाट कोण बघतो? पहाटे उठलो, काजळ्याला दोरी बांधली, सटवाची गाडी जुंपली. घाईत माझी आंघोळही राहिली आणि पूजाही.

वडगावच्या वेशीत बातमी आमच्या आधी पोचली होती. सासऱ्यांच्या दारात काठ्या घेऊन तीस-चाळीस माणसं. पुढे माझा मेहुणा उत्तरेश्वर.

"दाजी, थितंच थांबा."

"उत्तरेश्वर, कुत्रा चांगला हाय रे."

"चांगला हाय तर समद्यांम्होरं पाणी पाजा."

रास्त मागणी. पण पिसाळलेल्या कुत्र्यानं घरातली भांडी बाटवू नयेत म्हणून त्यांनी अडगळीतलं भांडं बाहेर काढलं. ते होतं घंगाळ. दगडावर ठेवताना ते वाजलं, आणि काजळ्या दोरीसकट गाडीखाली!

काठ्या वर झाल्या.

"पाण्याला न्हाई भेत तो," मी गाडीपुढं आडवा होत म्हणालो, "घंगाळाला भेतो."

"घंगाळाला भेणारं कुत्रं कुटं बघितलंय का बे?" मागून एक म्हातारा बोलला. कुणीच बघितलं नव्हतं.

सासरे धोंडप्पा ओसरीवरून उतरले. माणूस शांत. "अण्णाराव, उनातून आलाव. आदी बसा. पाणी घ्या." त्यांनी स्वतः तांब्या पुढे केला.

घसा कोरडा पडला होता. पण आंघोळ नाही, लिंगपूजा नाही. पूजेआधी पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, हा माझ्या वडिलांचा नेम. मी तांब्या हातानं मागं सारला. "नको, मामा. पाणी नको."

सगळ्यांची नजर माझ्या मनगटावर. बाजूला बसलेला माणूस हळूच उठून लांब जाऊन बसला.

"कावून नको?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"तसं न्हाई मामा, माझं अजून..."

"घाम बी आलाय," उत्तरेश्वर म्हणाला. त्यानं काठी कुत्र्यावरून काढून माझ्या दिशेनं धरली. "दाजी, तुमी बी थितंच थांबा."

"आरं, आंघोळ झाल्याबिगर मी पाणी घेत न्हाई!"

"मंग घाला की आंघोळ. घंगाळ हायच भाईर."

हा आवाज दाराच्या आडून आला. बाईचा. पाच महिन्यांत ऐकला नव्हता. मला वाटलं होतं तसा नाजूक वगैरे नव्हता. त्यात हसू दाबलेलं होतं.

कुणालाही हरकत घेता येईना. जो पाण्याला भितो त्याची परीक्षा पाण्यानंच. भर अंगणात, चाळीस माणसांसमोर, मला त्याच घंगाळाशेजारी दगडावर बसवलं. सासुरवाडीत जावयाला आंघोळीला पाणी तापवून देतात, उटणं लावतात. मला थंडगार पाणी, आणि दोन्ही बाजूंना काठ्या. उत्तरेश्वरानं पहिली घागर डोक्यावर ओतली.

"पळतोय का बघा रे."

मी पळालो नाही. दुसरी ओतली. तिसरी. दात वाजत होते, पण बसून राहिलो. तेवढ्यात गाडीखालून काजळ्या बाहेर आला. माझ्यासमोर येऊन बसला आणि मान तिरकी करून पाहू लागला. जगात न्याय आहे अशी खात्री पटलेला चेहरा होता तो. चौथी घागर झाल्यावर तो उठला, माझ्या अंगावरून वाहून आलेल्या ओघळापाशी गेला, आणि लपालपा पाणी पिऊ लागला.

"पेला," म्हातारा म्हणाला. "पाणी पेला की बे."

काठ्या खाली आल्या. आम्ही दोघंही एकदमच सुटलो.

नीलम्मा दारात आली होती. खांद्यावर लेक, झोपलेली. काजळ्या धावत गेला आणि तिच्या पायावर डोकं टेकून पडला. मी चार पावलांवर ओल्या धोतरानं उभा. मोठी माणसं समोर, त्यामुळे तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खाली वाकून ती कुत्र्याशी बोलली.

"रोज रोज कशाला रे धुतलं तुला? म्हैन्यातून एकदा पुरे असतंय. आन खरारा घोड्याला असतोय." मग त्याचे कान चोळत, जरा हळू: "वाट बघून बघून वाळलास की."

काजळ्या मुळीच वाळला नव्हता. भिवराबाईंच्या भाकरी खाऊन तो जात्याएवढा झाला होता.

पूजा झाली, जेवण झालं. निघताना सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लेकराला आता थंडी बाधंल. संक्रांत होऊ द्या, मंग पाठवतो. आन कुत्रं तवर हितंच राहू द्या. मुकं जनावर, झुरतंय बिचारं."

"आन मी?" असं मी म्हटलं नाही. काजळ्यानं मला वेशीपर्यंतसुद्धा पोचवलं नाही.

जात्यापाशी आता जागाच जागा होती.

पंधरा दिवसांनी सासऱ्यांचं पत्र आलं. काजळ्या खुशाल. नात खुशाल. खाली एक ओळ होती: «तुमच्या दुकानातले मांजर जेवते का, रात्री झोपते का, असे घरातून विचारले आहे. तुमच्याकडे मांजर आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते.»

माझ्याकडे मांजर नव्हतं. कधीच नव्हतं. नीलम्माला हे माझ्याइतकंच ठाऊक.

ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. त्याच दुपारी भिवराबाईंच्या माळ्यावरून एक मांजर पकडून आणलं आणि उत्तर लिहायला बसलो. मांजराची हकीकत संक्रांतीपर्यंत दर आठवड्याला जात राहिली.

फक्त एक सांगून ठेवतो, आणि हे कुणाच्या घरात विचारायची गरज नाही: मांजराला आंघोळ घालू नये.