अनधिकृत शून्य

१९७८ सालच्या गळीत हंगामात शिराळ्याच्या वाटेवरच्या एका सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर दाखल झाला. कारखान्याला नाव देवाचं होतं आणि कारभार चेअरमन लालासाहेबांचा होता, त्यामुळे नावाला फारसं महत्त्व नाही. तेरा संचालकांनी बंगलोरचा आठ दिवसांचा अभ्यासदौरा केला होता. त्यात म्हैसूरची बाग, हत्ती आणि रेशमी साड्या यांचा अभ्यास आटोपल्यावर जो अर्धा तास उरला, त्यात त्यांनी हे यंत्र पाहिलं आणि एकमतानं पसंत केलं.

यंत्राचं काम साधं होतं. कुठल्या शेतकऱ्यानं ऊस कधी लावला हे त्याच्या पोटात भरून ठेवलेलं होतं. हुकूम दिला की आधी कुणाचा ऊस तोडायचा आणि मागून कुणाचा, याची यादी त्यानं छापून द्यायची. एक लोखंडी कपाट आणि त्याला वायरनं जोडलेलं टाइपरायटरसारखं एक खोकं, एवढाच संसार. खोक्यावर हुकूम टाइप केला की कपाटाचं उत्तर त्याच कागदावर खडखडत उमटायचं.

हे खोकं चालवायला कचेरीतला टंकलेखक कृष्णात याची नेमणूक झाली. मिनिटाला चाळीस शब्द आणि वरिष्ठांसमोर एकही नाही, अशी त्याची ख्याती होती. बंगलोरच्या इंजिनिअरनं स्वतः हुकूम टाइप करून दहा नावांची यादी काढून दाखवली आणि हुकमाचे शब्द एका चिठोऱ्यावर लिहून दिले. ‘रन’, मग मोकळी जागा, मग ‘ऊस’, मग मोकळी जागा आणि शंभराचा आकडा (हा त्या यादीचा क्रमांक), सगळं इंग्रजीत. त्याच दिवशीच्या गाडीनं तो परत गेला.

कचेरीचे अधीक्षक आप्पासो यांनी चिठोरा दोन बोटांत धरला. “हातानं लिहिल्याला कागदपत्र म्हणता येत न्हाई. टाइप करा, चेअरमनसाहेबांची सही घ्या, शिक्का मारा, जावक नंबर टाका. मग त्यो हुकूम हुईल.”

त्याप्रमाणे हुकूम झाला. मूळ चिठोरा फायलीत गेला. दसऱ्याच्या मुहूर्तावर खोक्याला हार घातला, नारळ फुटला आणि कृष्णातनं सहीशिक्क्याचा कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर टाइप केलं. कपाट घरघरलं आणि खडखडत एक ओळ छापून गप्प झालं.

“काय म्हणतंय?” लालासाहेबांनी विचारलं.

“कमांड नॉट रेकग्नाइज्ड, साहेब.”

“मराठीत सांग.”

कृष्णातनं ओळ पुन्हा एकदा वाचली. “आज्ञा ओळखीची नाही, असं म्हणतंय.”

सगळे लालासाहेबांकडे बघू लागले. त्या कारखान्यात लालासाहेबांची आज्ञा न ओळखणारं आजवर काही आलं नव्हतं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. सात वेळा झालं. आठव्या वेळी आप्पासोंनी निदान केलं. “साहेब, त्येचं काय चुकलं? टाइप करणारा कोण, तर कृष्णात. कारकुनाची आज्ञा आपण तरी मानतो का? तुमची ओळख करून द्याया पायजे.”

ओळख करून देण्यात आली. लालासाहेबांचा तीन पानी परिचय कृष्णातनं खोक्यावर उतरवला. जन्म, शिक्षण (उच्च, परंतु अपूर्ण), भूषवलेली पदं, उभारलेल्या कमानी. मशीन दर ओळीला उत्तर देत गेलं. ‘सहकाराचे आधारस्तंभ’: ओळखीचे नाही. ‘गोरगरिबांचे कैवारी’: ओळखीचे नाही. ‘स्वभावाने अत्यंत मनमिळाऊ’ याही ओळीला त्यानं तेच उत्तर दिलं. शेवटी एक्केचाळीस नकारांची पुंगळी लालासाहेबांच्या हातात आली, तेव्हा त्यांच्या मनमिळाऊ चेहऱ्याकडे पाहायची कुणाची छाती झाली नाही.

प्रकरण शिस्तीचं झालं. शिस्त म्हणजे सुरक्षा अधिकारी नाथाजी. बावीस वर्षं पलटणीत काढून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी टाचा जुळवल्या, कपाटासमोर उभे राहून ‘रन’ हा हुकूम असा काही सोडला, की बाहेर दोन बैलगाड्या पळत सुटल्या. कपाट जाग्यावरच राहिलं.

“हुकूमअदूली!” नाथाजी म्हणाले. “पलटणीत कोर्टमार्शल असतं याला.”

कोर्टमार्शल सहकार कायद्यात बसत नव्हतं, म्हणून कारणे दाखवा नोटीस निघाली. ‘आपण वरिष्ठांची आज्ञा ओळखण्यास वारंवार नकार दिला असून आपणांविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.’ नोटीस स्वीकारायला कपाटाला हात नसल्यानं ती पंचांसमक्ष त्याच्या दारावर डकवली. सात दिवस खुलासा आला नाही. आठव्या दिवशी नोटीस टाइप करून विचारण्यात आली, तेव्हा मशीननं नोटीसही ओळखली नाही. हे उत्तर ‘उर्मट खुलासा’ म्हणून दप्तरी दाखल झालं.

तोवर डिसेंबर उजाडला होता. जुनी हातानं करायची यादी एका परिपत्रकानं रद्द झाली होती आणि नवी यादी मशीन देत नव्हतं. यादी नाही म्हणजे तोडीची चिठ्ठी नाही, चिठ्ठी नाही म्हणजे शेतात कोयता नाही. पण कारखाना तर बंद ठेवता येत नाही, म्हणून तूर्त ‘चाचणी’ म्हणून संचालकांचा ऊस तोडायला घेतला. तो संपल्यावर संचालकांच्या पाव्हण्यांचा. चाचणी फारच समाधानकारक चालली होती.

कृष्णातची आत्या बयाबाई एका सोमवारी कचेरीत आली. नवरा लढाईत गेलेला, मुलगा पलटणीत, आणि दीड एकर ऊस तिनं एकटीनं वाढवलेला. कृष्णातची आई लवकर वारली तेव्हा त्यालाही तिनंच वाढवलं होतं.

“किष्णा, माझा ऊस अठरा म्हैन्याचा झालाय रं. तुरं आल्यात, आता आतनं वाळून पोकळ पडंल. कवा तोडणार?”

“आत्ती, मशीन यादी देत न्हाई.”

“का देत न्हाई?”

“आज्ञा ओळखत न्हाई.”

बयाबाईनं काचेतून आत पाहिलं. “मग चुकीची आज्ञा देत असशीला तुमी. म्हसराला ‘हल्या’ म्हणायच्या जागी ‘मांजरा’ म्हटलं तर त्ये तरी हलंल का? बघ की जरा वाचून, काय लिवतूस त्ये.”

आजवर हा सल्ला कुणी दिला नव्हता. हुकूम वाचून पाहणं म्हणजे त्यावर शंका घेणं, आणि सहीच्या खालच्या माणसानं शंका घ्यायची नसते. तरी आत्ती गेल्यावर कृष्णातनं कागदाची पुंगळी उलगडली. वर मशीननं आपणहून तारीख छापली होती. त्यातलं शून्य उभट, सडपातळ होतं. खाली हुकमातल्या शंभराची दोन शून्यं गोल गरगरीत होती. कृष्णातनं वरचं शून्य आणि खालची शून्यं ताडून पाहिली आणि चूक त्याच्या ध्यानात आली.

कचेरीतल्या टाइपरायटरचं शून्याचं बटण सात वर्षांपूर्वी तुटलं होतं. दुरुस्तीचा प्रस्ताव विचाराधीन होता. तोवर शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर मारायची तोंडी परवानगी आप्पासोंनी दिली होती. सात वर्षांत कृष्णातची बोटं शून्याची जागाच विसरली. सहीशिक्क्याच्या हुकमात ‘ओ’ होता, तोच त्यानं मशीनला दिला. माणसं ‘ओ’ला शून्य समजून घेत होती. मशीनला समजूतदारपणा शिकवलेला नव्हता.

तो धावत आप्पासोंकडे गेला. आप्पासोंनी सगळं शांतपणे ऐकलं.

“दोन्ही दिसायला सारखेच न्हवं?”

“जवळजवळ, साहेब. पण एक अक्षर हाय, एक आकडा.”

“मग हुकूम चुकीचा हाय, असं तुझं म्हणणं?”

“शून्य बदललं की झालं.”

“खाली सही कुणाची हाय?”

कृष्णातनं सहीकडे पाहिलं. आप्पासोंनी चष्मा काढून पुसला. “गड्या, मंजूर मसुद्यातलं अक्षर बदलायचं म्हणजे दुरुस्तीचा ठराव आला. ठराव म्हणजे चेअरमनसाहेब दोन म्हैने चुकीचा हुकूम देत हुते, ह्ये मंडळानं लिहून देणं आलं. कोण सूचक व्हतंय? तू?”

कृष्णात आपल्या खुर्चीवर परत आला. पंधरा दिवस त्यानं मंजूर हुकूम मंजूर पद्धतीनं टाइप केला. सोळाव्या दिवशी कारखान्याला येताना त्यानं बयाबाईचं रान पाहिलं. सगळ्या फडावर पांढरे तुरे डुलत होते. बांधावर उभी असलेली आत्ती त्याच्या सायकलीकडे बघत राहिली. त्या दुपारी सगळे जेवायला गेले असताना कृष्णातनं दार लोटलं. त्यानं हुकूम टाइप केला आणि शेवटी दोनदा शून्य दाबलं.

कपाट घरघरलं. मग खडखडाट सुरू झाला तो थांबेचना. चारशे बारा नावं, लागणीच्या तारखेप्रमाणे, एकाखाली एक. तिसरं नाव बयाबाईचं होतं. कृष्णातच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून पहिल्यांदाच एक काम झालं होतं.

यादी घेऊन तो सरळ चेअरमनांच्या खोलीत शिरला. लालासाहेबांनी ती वरपासून वाचायला घेतली. त्यांचं बोट पहिल्या पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पाचव्यावर गेलं. तीनशे शहाऐंशीव्या ओळीवर ते थांबलं.

“ह्ये माझं नाव?”

“व्हय साहेब. तुमच्या उसाची लागण उशिराची हाय ना.”

“आणि गेला महिनाभर तुटलाय त्यो?”

“त्यो... चाचणीचा.”

लालासाहेबांनी कागद खाली ठेवला. त्याच संध्याकाळी बैठक झाली. मशीनवरचा जुना आरोप गळून पडला. ते आज्ञा मानत नव्हतं तोवर नुसतं उर्मट होतं, आता ते धोकादायक ठरलं. चेअरमनांची सही असलेला हुकूम ते ओळखत नाही आणि एका कारकुनानं दिलेला बिनसहीचा हुकूम ताबडतोब मानतं, याचा अर्थ ते विरोधकांना सामील आहे, असं नाथाजींनी मांडलं. कृष्णातवर तीन कलमं लागली: जेवणाच्या सुट्टीत काम करणं, परवानगीशिवाय बरोबर असणं, आणि कारखान्याच्या यंत्रात अनधिकृत शून्य घालणं.

लालासाहेब मनमिळाऊ होते. त्यांनी कृष्णातला एकट्याला बोलावलं आणि चहा दिला. “पोटापाण्याचा सवाल हाय, बाबा. यादी चुकून आली, मशीन बिघडलं हुतं, एवढं लिहून दे. संगणक अधिकारी करतो तुला. हातवाली खुर्ची, दारावर पाटी.”

कृष्णातला आत्तीचा फड आठवला, आणि तिचा नंबर तिसरा आहे हे आपणच तिला सांगितलंय, हेही आठवलं. मग घरातली दोन लेकरं आठवली. पाटीवरचं आपलं नावही त्याला दिसायला लागलं. लिहून देताना त्याचा वेग मिनिटाला चाळीस शब्दांच्या खाली आला होता, एवढं मात्र त्याच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे.

बंगलोरहून इंजिनिअरला बोलावलं. काहीही टाइप केलं तरी मशीननं ‘येस सर’ असंच छापावं, अशी सुधारणा मंडळाला हवी होती. इंजिनिअर म्हणाला, सोपं आहे, दहा मिनिटांचं काम, पण मग ते दुसरं काहीच करणार नाही. आप्पासो म्हणाले, “चालतंय. तसं चालवायचा आमाला अनुभव हाय.” सुधारलेल्या मशीनला लालासाहेबांचा तीन पानी परिचय पुन्हा ऐकवण्यात आला. एक्केचाळीस वेळा ‘येस सर’ आलं. ती पुंगळी चौकटीत बसवून कचेरीत लावली.

मार्चअखेर सभासदांची विशेष सभा भरली. मांडव, हार, ध्वनिक्षेपक. मधोमध टेबलावर खोकं आणि मागं हातवाल्या खुर्चीत संगणक अधिकारी कृष्णात. लालासाहेबांनी विचारलं, “तोडणी कार्यक्रम समाधानकारक चाललाय का?” कृष्णातनं टाइप केलं. खडखड झाली. त्यानं ध्वनिक्षेपकात वाचलं, “येस सर.” टाळ्या झाल्या.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बयाबाई उठली. तिच्या हातात ऊस होता, पण तो तिनं काडीसारखा दोन बोटांत धरला होता. तिनं तो गुडघ्यावर मोडला. आतून पांढरा, कोरडा, पोकळ.

“माझा ऊस तिसऱ्या नंबरावर हुता,” ती म्हणाली. “ज्येनं यादी बघितलीया त्यो हितंच बसलाय. इचारा त्येला.”

कृष्णातनं खोक्यातला कागद सरळ केला.

“आवं मावशी, मशीनलाच इचारा की!” कुणीतरी ओरडलं.

“मशीनला काय इचारू? त्ये हाय माझ्या म्हशीवानी. कायबी इचारा, मान डोलवतंय. म्हस निदान दूध तरी देती!”

मांडवात हास्याचा स्फोट झाला. लालासाहेबही मनमोकळे हसले आणि तेवढ्या उसंतीत त्यांनी ठराव मांडला: संगणकाचं काम उत्तम असून सभा समाधान व्यक्त करत आहे, अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत. संगणक अधिकाऱ्याचा हात वर गेला. तो खाली येईपर्यंत त्यानं आत्तीकडे पाहिलं नाही.

विरोधात एक हात होता. उसाचा तुकडा धरलेला असल्यानं तो मोजला गेला नाही.

ठरावाच्या बाजूनं वर गेलेले बाकीचे साडेतीनशे हात कुणाचे होते, याची चौकशी कधी झाली नाही. तिथं हजर असलेले लोक एवढंच सांगतात, की बयाबाईच्या बोलण्यावर जे सगळ्यांत मोठ्यानं हसले, अगदी आत्ता तुम्ही हसलात तसे, त्यांचेच हात सगळ्यांत आधी वर गेले.