नऊशे किलोंचं घर

साईनाथला खरं तर फक्त जनीला बर्फ दाखवायचा होता. जुन्या पिकअपवर घर बांधायची कल्पना नंतर त्याच्या फोनने दिली. (फोनचं काय जातंय?)

जनी पंचवीस वर्षं म्हणत होती, एकदा बर्फ बघायचा. यंदा डॉक्टरांनी तिचे गुडघे बघून मान हलवली आणि साईनाथ मनातून घाबरला. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला पटलं. मग पिकअपच्या हौद्यावर पत्र्याची खोली चढली. आत झोपायला फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी आणि छोटा फ्रिज आला. तेवढ्यात फोनवरच्या व्हिडिओतल्या एका माणसाने बजावलं, वजन वाढलं की घाटात ब्रेक दगा देतात. साईनाथने ठरवलं, सामान आणि माणसं मिळून नऊशे किलो. वर एक किलो नाही.

"याच गाडीतून वीस वर्षं भाताची पोती आभाळाला टेकवलीत. तवा नाय ब्रेक आठवले?" जनीने विचारलं.

"तवा तू बसायचीस का गं गाडीत?"



वहीत तीन रकाने पडले: वस्तू, वजन, उपयोग. घरच्या भाताच्या काट्यावर एकेक वस्तू चढू लागली. डावाचा दांडा अर्धा कापला. लसूण सोलूनच घ्यायचा ठरला, सालींचं वजन कोण वाहणार? मग जनीने घरच्या तांदळाचं तीस किलोंचं पोतं आणलं.

"उपयोग?"

"खायला!"

"तांदूळ तिकडंबी मिळतो."

भात पिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून जनीने पोतं फरफटत परत घरात नेलं. शेवटी तिलाही काट्यावर उभं केलं. पंचावन्न. स्वतःचं वजन साईनाथला पाठच होतं. बेरीज बरोबर नऊशे आली आणि त्या रात्री तो शांत झोपला.

निघायच्या दिवशी सकाळी चौक गावच्या वजनकाट्यावर दोघांसकट गाडी उभी केली. काटेवाल्या पदूने खोलीसकट रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं आणि ओरडून सांगितलं, "नऊशे तीस!"

साईनाथ सावकाश बायकोकडे वळला. "तांदूळ लपवलास ना?"

"नाय."

"बरोबर तीस किलो, जने."

जनीचे डोळे भरून आले. "उतरवा सगळं," ती एवढंच म्हणाली.

पदूच्या पोत्यांच्या काट्यावर दोन तास सामान मोजलं गेलं. समोरच्या ढाब्यावरची माणसं चहा घेऊन बघत बसली. चमच्यापासून फ्रिजपर्यंत सगळं वहीप्रमाणे निघालं. तांदूळ कुठेच नव्हता. साईनाथ खाली बसला. "मग नाय जाता यायचं गं," तो म्हणाला.

पदूला कंटाळा आला होता. "शेट, माणसं र्‍हायली की मोजायची."

जनी चढली. पंचावन्न. साईनाथ चढला. नव्वद.

"वहीत साठ हाय," तो म्हणाला.

"कवाचं?"

"लग्नाआधी... कर्जत स्टेशनच्या मशीनवर केलंवतं. तिकीट आलंवतं."

ढाब्यावर कोणीतरी कप खाली ठेवला. साईनाथ जमिनीकडे बघत म्हणाला, "चुकलो गं. उगाच तुझ्यावर आळ घेतला."

जनीने वही घेतली, साठ खोडून नव्वद लिहिले आणि पेन तिसऱ्या रकान्यावर टेकवलं. "उपयोग काय लिवू?"

"गाडी चालवायला."

"ती मलाबी येती. मागच्या साली खालापूरला शिकले ती कशाला?"

 रकाना कोराच राहिला. तीस किलोंचा फ्रिज मात्र त्याने स्वतः उचलून, परत येईपर्यंत म्हणून, ढाब्यात नेऊन ठेवला. बाकी सामान पुन्हा चढलं. जनी स्टिअरिंगवर बसली, कोणी तिला अडवलं नाही. तिने चावी फिरवली. गाडी नुसती टकटकली. फ्रिजची वायर मोजतानाही काढली नव्हती, दोन तासांत त्याने बॅटरी पिऊन टाकली होती.

जनीने खिडकीतून वही बाहेर धरली. "घ्या. उपयोग सापडला. लिवा, ढकलायला."

साईनाथ मागे गेला आणि गाडीला खांदा लावला. तिचं वजन त्याला किलोकिलोने पाठ होतं. ते किती असतं, हे त्याला आत्ता कळलं.