आवडाबाईंची पाळत

अंगणात पापड लाटायला आलेल्या चंदाबाईला आवडाबाईंनी चौथ्यांदा विचारलं, "किती झाले गो?"

चंदाबाईने लाटणं खाली ठेवलं, सगळे मोजले. "बावीस, वयनी." मघाशी वीस होते.

तेवढ्यात खोलीतून सुनेचा रडवेला आवाज आला. शिवानी बोर्लीत घरी बसून ऐरोलीतल्या एका बँकेचा मेनफ्रेम, म्हणजे कपाटाएवढा संगणक, सांभाळायची. आज तो रांगत होता. अकरापर्यंत काम उरकलं नाही तर सोमवारपासून ऑफिसात हजर व्हा, असं तिच्या विनेश साहेबाने फोनवर बजावलं होतं.

आवडाबाई उठून खोलीत गेल्या. सून गेली तर दिवसभर बोलायचं कुणाला?

"काय चाललंय गो?"

"तो हळू का झालाय ते शोधतेय, आई. कमांड देऊन मॉनिटरिंग सुरू केलंय. तो काय काय करतो ते सगळं लिहून ठेवतो."

"कोण लिहितो?"

"तोच."

"राबणारा तोच नि लिहिणारा पण तोच?"

स्पीकरवर लावलेल्या फोनमधून साहेब म्हणाला, "शिवानी, सगळ्या कामांवर मॉनिटरिंग स्टार्ट कर." तिने केलं. संगणक आणखी मंदावला. "बघ, अजून स्लो झाला. आता बारीकसारीक पण नोंदव." तिने तेही केलं. साडेदहाला पडदा हलेनासा झाला.

आवडाबाईंनी फोन ओढून घेतला. "ओ साहेब, मी हिची सासू. तुमच्या ताटापाशी बसून कोणी दर घासाला कितवा घास म्हणून विचारलं तर जेवाल कधी?"

"आजी, हे टेक्निकल आहे."

"असूं दे. मी चौथी नापास हाय, पण चाळीस वर्षं माणसांकडून काम करून घेतलंय. एवढं लिहून घेतलंत, त्यातलं वाचलं कोणी?"

आवडाबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला.

"बंद कर गो ती पाळत. माझ्या नावावर घाल."

शिवानीने नोंदी थांबवायची कमांड दिली; पडदा हलू लागला, तसं तिने पहिल्या दहा मिनिटांत लिहिलेलं उघडलं. कालचंच एक काम अडकून वाट अडवून बसलं होतं. ते काढलं. अकराला पाच कमी असताना सगळं उरकलं. सोमवारचा विषय साहेबाने पुन्हा काढला नाही.

आवडाबाई ताठ मानेने अंगणात आल्या. "किती झा..."

"आई," दारातून शिवानी म्हणाली.

चंदाबाईचं लाटणं हवेतच थांबलं होतं.

"मी कुठं काय विचारलं?" आवडाबाईंनी स्टूल उचललं, रस्त्याकडे तोंड करून मांडलं. समोर दिनानाथ गवंडी कुंपण बांधत होता.

"दिनानाथ, किती चिरे लागले रे?"

दिनानाथने थापी खाली ठेवली आणि पहिल्या चिऱ्यापासून मोजायला घेतलं.