शेजारीणबाईंची पेटी

रुदेसिंदो बार्रियाचे बैल ऐन गुरुवारी, ऐन लाँच सुटायच्या वेळेला, किनाऱ्याच्या उतारावर मध्येच बसले. दमले नव्हते, रुसलेही नव्हते. क्लावेल आधी चार पावलं तिरका चालला, कुंपणाला खेटला, कुंपणाकडे मोठ्या मायेने बघितलं आणि खाली बसला. मग पिंतोनेही त्याच्या अंगावर मान टाकून डोळे मिटले. मागे बिनचाकाच्या ओढगाडीवर एल्वेसिया ओयार्सूनची लाकडी पेटी, शिवणयंत्र आणि गादीची वळकटी. त्याच्याही मागे, ठेवणीतला कोट घालून, स्वतः एल्वेसिया.

"काय झालं हो ह्यांना, शेजारी?"

"आजारी दिसतात, शेजारीणबाई."

रुदेसिंदोने वाकून क्लावेलच्या तोंडाशी नाक नेलं आणि तो झटकन मागे सरला. बैलाच्या तोंडाला भपकन वास येत होता, सफरचंदाच्या दारूचा, म्हणजे चिचेचा. दोघेही टुन्न झाले होते.

चिलोएच्या त्या लहानशा बेटावर सफरचंदं उतरली की सगळे जमून ती लाकडाच्या डोणीत बडवतात, रस पिळून पिंपात भरतात आणि उरलेला चोथा डुकरांसाठी ठेवतात. तो चार दिवस राहिला की आंबतो आणि पिंपातल्या चिचेपेक्षाही जास्त चढतो. यंदाची बडवणी शनिवारी एल्वेसियाच्या अंगणात झाली होती, तिची शेवटची. नवरा समुद्रात बुडाल्यापासून ती एकटीच होती. आता मुलाने तिला कायमचं दूर दक्षिणेला, पुंता आरेनास शहरात बोलावलं होतं.

रुदेसिंदोने त्या दिवशी बोलायचं ठरवलं होतं. ठरवलं तर त्याने दर बडवणीला होतं. पण तिकडे पुरुषाच्या गळ्यातल्या उंचवट्याला आदामाचं सफरचंद म्हणतात, आणि रुदेसिंदोच्या गळ्यातलं चांगलं पोसलेलं होतं. एल्वेसिया समोर आली की ते वर जाई, खाली येई, आणि शब्द त्याच्या पलीकडे अडकून राहत. शनिवारी बायकांनी सफरचंदाची अखंड साल काढून खांद्यावरून मागे टाकली. तिचं जे अक्षर पडेल ते होणाऱ्या नवऱ्याच्या नावाचं पहिलं. साल पडते ती नेहमी 'एस' अक्षरासारखीच, म्हणून लाँचवाला सान्दालियो तरुणपणापासून भाव खातो. एल्वेसियाची साल मात्र मधेच तुटली. रुदेसिंदोला तेवढंच बरं वाटलं. त्याने तिला भाजलेला बटाटा दिला आणि म्हणाला, "गरम आहे." बोलणं झालं.

आणि आता हे बैल.

खालून सान्दालियोने भोंगा वाजवला. "चला हो! ओहोटी लागली!"

रुदेसिंदोने शेपट्या पिरगाळल्या, शिव्या घातल्या, शेवटी गाडीचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. गाडी जेमतेम हलली आणि तो चिखलात आडवा झाला. क्लावेलने डोळा किलकिला करून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. तोवर लाँच खाडीच्या तोंडाशी पोचली होती. पुढची थेट पुढल्या गुरुवारी.

रुदेसिंदोची थोरली बहीण दोमितिला धावत आली. बैलांचा वास घेऊन तिने कमरेवर हात ठेवले. "शाब्बास! जन्मात पहिल्यांदा डोकं चालवलंस, आणि तेही बैलांचं!"

"ताई, मी काही केलेलं नाही!"

"हो, हो. बैल आपणहून गुत्त्यात गेले होते."

 एल्वेसियाने कोटाची बटणं सोडली आणि ती घराकडे वळली. रुदेसिंदोला वाटलं, फार रागावली.

सान्दालियोची लाँच ज्या ज्या धक्क्याला लागली, तिथे तिथे बातमी उतरली. रविवारी देवळापुढे तर गर्दीच झाली. "बाईला अडवायला बैलांना पाजणारा गडी तो हाच ना?" म्हणत लोक पाठ थोपटू लागले. रुदेसिंदोच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. आपल्यापायी बाईची चेष्टा होते आहे, एवढंच त्याला कळत होतं. त्याने देवळाकडे हात वर केला.

"शपथ घेऊन सांगतो, मी काही केलेलं नाही! मला कशाला अडवायच्यात त्या? मला तर त्या जायलाच हव्यात!"

 एल्वेसिया त्याच्या मागेच उभी होती.

त्या दिवसापासून कुंपणावरून येणारा तिच्या हातचा पाव थांबला. दारात दिसली तरी ती तोंड फिरवून कोंबड्यांशी बोलायची. दोमितिलानेही भावाशी बोलणं टाकलं. फक्त जेवण वाढताना ती ताट आपटायची.

बुधवारी रुदेसिंदोला राहवलं नाही. तो शेजारच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. एल्वेसिया चुलीपाशी सफरचंदं सोलत होती.

"शेजारीणबाई, मी खोटं बोललो. बैलांना चोथा मीच घातला."

सुरी थांबली. "तुम्ही?"

"मुद्दाम घातला. तुम्ही जाऊ नये म्हणून."

"कधी घातलात?"

"आदल्या संध्याकाळी."

"कुठून घेतलात?"

"तुमच्या... त्या दारापाशी पिंप आहे, त्यातून."

"पिंपात चोथा नव्हताच, टोपलीत होता. आणि घातला मी. पहाटे उठून, माझ्या हातांनी."

आदामाचं सफरचंद वर गेलं आणि वरच राहिलं.

"लाँच चुकली की आठवडा मिळेल," सुरीकडे बघत ती म्हणाली, "आणि आठवडाभरात हा माणूस एक वाक्य तरी बोलेल, असं वाटलं होतं. तर तुम्ही देवळापुढे शपथ घेतलीत!"

"लोक तुम्हाला नावं ठेवत होते."

"ठेवू देत की! ह्या वयात कुणी नावं ठेवली तर जरा बरंच वाटतं."

रुदेसिंदोने टोपी काढली, दोन्ही हातांनी चुरगाळली. "नका ना जाऊ," तो म्हणाला. इतकी वर्षं अडकलेलं वाक्य बाहेर पडलं तेव्हा एवढंसंच होतं.

एल्वेसियाने कमरेला बांधलेल्या फडक्याने डोळे टिपले. "आता बोललात. सुनेचे दिवस भरत आलेत हो, जायलाच हवं."

गुरुवारी बैल शुद्धीवर होते. पेटी, यंत्र, गादी घेऊन ते उतारावरून देवाच्या मिरवणुकीत चालावं तसे चालले. किनाऱ्यावर सान्दालियो पेटी उचलायला पुढे झाला, तशी एल्वेसियाने त्याला हाताने थांबवलं. तिच्या काखेत एक पिशवी तेवढी होती.

"पेटी परत वर न्या, शेजारी. यंत्रही. तुमच्याकडे ठेवा, माझं घर गळतं."

"आणि तुम्ही?"

"बाळाला बघते, हिवाळा तिथे काढते. झाडं फुलली की येते." लाँचवर चढल्यावर ती पुन्हा मागे वळली. "यंत्राला तेल देत जा!"

रुदेसिंदोने मान हलवली. अजून पानंही गळायची होती. त्यानंतर हिवाळ्याचे ते भिजके, लांबलचक महिने. फुलं फार दूर होती.

लाँच खाडीच्या तोंडाशी गेली, मग ठिपका झाली, मग तोही दिसेना. दोमितिलाने त्याच्या बाहीला हिसका दिला. "चल आता, पावसाचं चिन्ह आहे. पेटी भिजेल."

"थांब जरा, ताई," समुद्रावरून नजर न काढता तो म्हणाला. "बैल दमलेत."

बैल ताजेतवाने रवंथ करत उभे होते. दोमितिलाने त्यांच्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि आपली शाल काढून पेटीवर घातली.